सोळा रिळं

शिवडीच्या शेडमध्ये त्र्याहत्तर साली
त्याचं नाव कुणाला म्हणता येईना:
तौनो राउतानिएमी.
मुकादम बाबी चिंदरकरनं ते अर्ध्यावर तोडलं
आणि फिनलंडचा माणूस आमचा राऊतसाहेब झाला.

त्यांच्या कारखान्याचा वर्तमानपत्राचा कागद बोटीनं आलेला,
सोळा रिळं भिजलेली.
तक्रार गेली, तर साहेबाऐवजी
मशीनवरचा हा माणूस आला.
मनगटापर्यंत हात ओल्या कागदात घातला,
वास घेतला, म्हणाला, "आमची चूक."
मी टॅली क्लार्क. चोपडीत सोळा लिहिले.

मे महिना. सदरा पाठीला चिकटलेला, तरी गडी खूश.
"या उकाड्यासाठी आम्ही घरामागे लाकडाची खोली बांधतो,
वर सरपण जाळतो. तुम्हाला फुकट!"
नावाचा अर्थ विचारला.
अर्धं लोखंड, म्हणाला, अर्धी पाण्यात घुसलेली जमीन.
म्हटलं, मग तू मुंबईचाच की.

पुढे दर नाताळाला पत्र, तोडक्या इंग्रजीत.
माझंही तोडकंच, म्हणून जमलं.
आधी युनियन, मग गावची नगरसभा,
मग दोनशे खुर्च्यांचं पार्लमेंट.
एकदा एक्केचाळीस मतांनी पडला. लिहिलं,
"ती एक्केचाळीस माणसं मला दुकानात भेटत असणार.
सगळेच मान हलवतात. कोण ती, कळत नाही."
पुन्हा उभा राहिला. आला.
मजूर खात्याचा मंत्री झाला तेव्हा
मी शेडमध्ये पेढे वाटले.
बाबीनं विचारलं, "कोण राऊत? कुठल्या वॉर्डातला?"

अकरा महिने टिकला.
एका गिरणीची भिंत कोसळली, आत माणसं.
तपासनीस त्याच्या खात्याचे, कागदावर सही त्याची.
वकिलांनी चार पानांचं निवेदन लिहून दिलेलं.
ते बाकावर ठेवून तो उठला
आणि दोनच शब्द बोलला.
(त्यांच्या भाषेत किती होतात, ठाऊक नाही.)
संध्याकाळी सायकलवरून घरी गेला.
बर्फ पडत होतं, लिहिलं होतं,
आणि साखळीला तेल हवं होतं.

ते पत्र वाचून मी दोन रात्री जागा होतो.
सोळातली पाच रिळं
आमच्याच शेडमध्ये भिजली होती.
नळ रात्रभर उघडा राहिलेला. पाळी माझी.
त्याचा हात कागदात होता
तेव्हा मी चोपडीकडे बघत होतो.

परवा त्याच्या मुलीचं पाकीट आलं.
आत कात्रण. फोटोत म्हातारा, कान मात्र तेच.
एक अक्षर वाचता येईना, म्हणून ओळी मोजल्या.
बासष्ट. पुन्हा मोजल्या. बासष्टच.
कागद अंगठ्यानं चोळून पाहिला:
कोरडा, घट्ट विणीचा, पूर्वीसारखाच.

काल रात्रीपासून उत्तर लिहितोय.
"प्रिय आइलाबाई,
तुमच्या वडिलांची रिळं अकराच होती.
उरलेली पाच"