अकरा बिऱ्हाडांची शेगडी

हिशेब माझ्याकडे आला, कारण मराठी माणूस पैसे खात नाही
असं तन्वीरभाईंनी लिफ्टमध्ये परस्पर ठरवलं.
अकरा बिऱ्हाडं, प्रत्येकी सतरा रियाल.
डॉक्टर मुंतसिर पंचवीस देऊन गेले
आणि दारातून वळून म्हणाले, मला मात्र मांस बंद केलंय,
डॉक्टरांनी.

घुब्रातली आमची गच्ची: पाण्याच्या टाक्या, एसीची धापणारी खोकी,
एक मोडका पाळणा, कुणाचा ते कुणीच सांगत नाही.
मधली मोकळी जागा मी पावलांनी मोजली.
सात गुणिले चार.
भिंतीपासून हातभर दूर, टाकीच्या पाइपापासून दूर,
उम्म हानींच्या कपड्यांच्या दोरीपासून तर
वाऱ्याची दिशा बघून, फारच दूर.

रुवीच्या दुकानात आम्ही चौघं.
दोन बर्नर, चार बर्नर, सहा.
वर्गीस सहावर अडून बसला:
ईद आणि ओणम एका आठवड्यात आले तर?
विक्रेता झाकण उघडायचा, मिटायचा,
नव्या गाडीचं बॉनेट दाखवावं तसा.
मी खाली वाकून बघत होतो,
तेलाचा ट्रे निघतो कसा, चाकांना खीळ आहे का, स्क्रू कुठल्या धातूचे.
खारा वारा आधी स्क्रू खातो, मग बाकीचं;
दाभोळला काकांच्या लाँचवर एवढं एकच नीट शिकलो.

बिडाची जाळी आच धरते,
पण तिला तव्यासारखं तेल चोळून ठेवावं लागतं.
कोण चोळणार?
तिघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी स्टीलच्या जाळीकडे पाहिलं.

उरलेलं बोलणं जिन्यात.
दुसऱ्या मजल्यावरच्या ओसवालांना वेगळी जाळी हवी,
वेगळा चिमटा, वेगळा वार.
जाळी मिळाली. चिमट्याला हिरवी दोरी बांधली.
वाराचं अजून चाललंय.
रोवेना, कुणी विचारलंही नसताना, म्हणाली,
माझं ते मी वादी कबीरला बहिणीकडे खाते,
इथे कोंबडीच.
मग कुणालाच काही सुचेना.
जिन्यातला आपोआप विझणारा दिवा विझला,
आणि तो पुन्हा लागावा म्हणून
वर्गीसने उगाच हात हलवला.

चार बर्नर. एकशे एकोणनव्वद.
सहा रियाल उरले, ते नळीत गेले.
बिलासोबत वॉरंटीचं कार्ड: पाच वर्षं.
विक्रेत्याने पेनाचं टोपण काढलं. नाव?

शेगडीला पाच.
आम्हाला दोन-दोन मिळतात, तीही शिक्का बसला तर.
माझी मार्चमध्ये संपतात.
वर्गीसच्या कंपनीत कपात सुरू आहे, तो आकडा सांगत नाही.
तन्वीरभाई आठ वर्षं म्हणतायत, या उन्हाळ्यानंतर सियालकोट,
आणि दर उन्हाळ्यानंतर नवा पंखा घेतात.
पेन कार्डावर तसंच टेकलेलं.

शेवटी मी शफीकुल लिहिलं.
आमचा नातूर. जिन्याखालच्या खोलीत एकोणीस वर्षं.
इमारतीचा मालक बदलला, रंग दोनदा बदलला,
तो तिथेच, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
वर्गणी त्याच्याकडे मागितली नव्हती,
मागावी का, हेही कुणी विचारलं नव्हतं.
आडनावासाठी फोन करावा लागला.
त्याने आधी विचारलं, साहेब, काय हरवलं?

काल सिलिंडर चढवला.
शफीकुलने वाटीत साबणाचं पाणी कालवलं,
भांड्याच्या ब्रशने नळीच्या दोन्ही टोकांना फेस लावला
आणि बोट वर केलं: थांबा.
मागे डोंगर तांबूस होऊन काळे पडत होते.
ओसवालांची कणसं, उम्म हानींचा कोफ्ता,
रोवेनाची लसणात मुरलेली कोंबडी,
माझ्या डब्यात तेल चोळलेली पाच वांगी.
सगळी इमारत काडी न पेटवता उभी,
त्याच्या बोटाकडे आणि त्या इंचभर फेसाकडे बघत,
कुठे एखादा बुडबुडा फुगतोय का.