दोन टिंबं, तिरकी रेघ

रुवी. चौथा मजला. एसीखाली बादली.
खिडकीला टेकलेला डोंगर,
झाड नाही, गवत नाही,
कुणी मिनिफाय करून ठेवल्यासारखा.

हिलालचा फोन :
"नझीमा, ड्रायव्हरांना अजून रमझानचेच भाव दिसतायत."
मी म्हणते, बिल्ड झालंय. हिरवी खूण आलीय.
सकाळपासून तिसऱ्यांदा.
"तुझ्या खुणेने टँकर भरत नाही," तो म्हणतो,
आणि त्याचं खरं आहे.

सर्व्हरवर जाऊन बघते
तर माझं बिल्ड उतरतंय डिस्टमध्ये
आणि सर्व्हर वाचतोय पब्लिक.
शेजारशेजारचे फोल्डर, भिंतीला भिंत,
आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.
अकरा दिवस मी निगुतीने, एकही एरर न येऊ देता,
कुणी उघडत नसलेल्या खोलीत
सामान लावत होते.

अब्बाही इथेच टँकर चालवायचे. निळा. गोड्या पाण्याचा.
तेव्हा माणसाचा पत्ता म्हणजे कंपनीचा पी.ओ. बॉक्स :
बोटाएवढी किल्ली, तीही अकाउंटंटच्या खिशात.
अब्बांनी कंपनी बदलली,
नवा नंबर फुरूसला कळवला,
ते एकच पत्र वाटेत राहिलं.
अम्मी जुन्याच नंबरावर लिहीत गेली.
मुलगी झाली. नळे परतून घेतले.
म्हैस विकली, विचारायला तुम्ही नव्हतात.
मुलीला दात आले. मुलगी चालते.
सगळी पत्रं पोचली. एकही परत आलं नाही.
टपालखात्याकडूनही हिरवी खूणच म्हणायची.

चौदा महिन्यांनी जुन्या कंपनीतला सुदानी अकाउंटंट
रबरबँड लावलेला गठ्ठा घेऊन आला.
अब्बांनी वरून सुरुवात केली,
त्यामुळे मी आधी चालले,
मग मला दात आले,
मग, रात्री दोनच्या सुमारास, मी जन्मले.

कॉन्फिग उघडते. एकच ओळ.
डावीकडे आउटडिर,
उजवीकडे दोन टिंबं, तिरकी रेघ, पब्लिक.
दोन टिंबं म्हणजे : आपल्या दारातून बाहेर पड.
टूल पिवळ्या अक्षरांत अडवतं :
हे फोल्डर प्रकल्पाच्या बाहेरचं आहे,
तुम्ही सांगितल्याशिवाय मी ते रिकामं करणार नाही.

दुसऱ्याच्या घरात केर काढण्याआधी विचारणारी
माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

एम्प्टी-आउट-डिर, आणि पुढे एक शब्द : ट्रू.
लिहिते. पुसते.
आधी आत डोकावते.
जुन्या बिल्डची पिल्लं, शेपटीला आठ-आठ अक्षरांचे हॅश,
फेब्रुवारीचं, मार्चचं, एक माझ्याच चुकीचं.
आणि मध्येच एक फाइल
जिचं नाव कुठल्याही यंत्राने ठेवलेलं नाही :
बाकी फायनल फायनल दोन.
शफीकुलने ठेवलेली. ऑफिसातला एवढा एकच फोल्डर त्याला उघडता येतो.
मुस्तफिजूर, चाळीस रियाल, बायकोचं ऑपरेशन.
बख्त झमीन, पंचवीस, कारण लिहू नये म्हणाला.
नुस्रत, एकशे दहा, तिकीट,
पुढे पेनाने मारावी तशी प्रश्नचिन्हं, तीन.
एका ट्रूने हे सगळं गेलं असतं.
आणि गेलं नसतं तर?
फोल्डरचं नावच पब्लिक.
पत्ता माहीत असलेल्या कुणालाही
बख्त झमीनचं न लिहिलेलं कारण वाचता आलं असतं.

शफीकुलला फोन लावला.
तुझी फाइल हलवलीय, म्हटलं, नवी जागा लिहून घे.
अक्षर-अक्षर सांगितली. दोनदा.
मग त्याच्याकडून म्हणवून घेतली,
तो चुकला, पुन्हा म्हणवून घेतली.
"इतकं काय, दीदी?" तो हसला.

मग ट्रू लिहिलं, बिल्ड सोडलं,
आणि तेवढ्यात
काठोकाठ आलेली बादली
मोरीत ओतून आले.