दीड पान

विनिपेगला उणे एकतीस.
गाडीच्या नाकातून निघालेली वायर भिंतीतल्या प्लगात,
इंजिन रात्रभर शेकत पडलेलं.
स्वयंपाकघरात ओरिशिया मार्चुक, वय चौतीस,
अर्जासोबतचं दीड पान तिसऱ्यांदा खोडते आहे.

"माणसाचं मन कसं वळतं
याचा मला अभ्यास करायचा आहे."
खोडलं.
वळतं, की वळवलं जातं?
दोन तास झाले, गाडं इथेच अडलंय.

नऊ वर्षं ती रक्तपेढीसाठी फोन करते.
"याल का?" म्हटलं तर दहातले दोन येतात,
"मंगळवार सोयीचा की गुरुवार?" म्हटलं तर चार.
"मागच्या वेळी आला होतात" एवढंच म्हणून गप्प बसलं
तर माणूस सहसा
मागच्या वेळच्या स्वतःला खोटं पाडत नाही.
हे तिला कुणी शिकवलं नाही.
शिकायचं म्हटलं तर वर्षाला अकरा हजार,
आधी संख्याशास्त्राचे दोन पेपर,
आणि बाविशीतल्या पोरांशेजारी बाक.

वहीत यादी आहे.
टोरांटोचे सर: आज्ञापालन. निवृत्तीला दोन वर्षं.
मिनियापोलिस: जवळ, पण डॉलर त्यांचे.
एडमंटनच्या बाई: शेजार, अफवा, लशी.
बाईंना तिने चार परिच्छेद लिहिले होते.
उत्तर आलं एका ओळीचं:
तुमचा प्रश्न काय?

दान्यलोबद्दल लिहावं का?
भावाने जीवनसत्त्वांची पावडर
आधी मामांच्या गळी उतरवली,
मग चर्चच्या अख्ख्या गायनवृंदाच्या.
सगळे म्हणाले, लबाड.
तळघरात रिकामे डबे सापडले तेव्हा कळलं,
रोज सकाळी दोन चमचे
तो स्वतःही घेत होता.

नाही. दीड पानात भाऊ मावत नाही.

बाबा मावतील?
ओसिप मार्चुक, पूर-कालव्याच्या दारांवर एकतीस वर्षं.
वसंतात रेड नदी फुगली की
तळाशी निजलेली पोलादी दारं उचलायची,
थोडी, मग आणखी थोडी.
"पाण्याला हुकूम करायचा नाही," ते सांगत,
"त्याला वाटलं पाहिजे, आपणच निघालो."
एवढं शहर कोरडं ठेवलेला माणूस
एक्याऐंशीव्या वर्षी लाल दिवा ओलांडून गेला,
दोनदा,
आणि गाडीच्या किल्ल्या काही देईना.

ओरिशियाने सगळं करून पाहिलं.
डॉक्टरांचं पत्र. आकडे. आईची शपथ.
मंगळवार सोयीचा की गुरुवार.
"फोनवरचा आवाज घरात काढू नकोस," म्हणाले.

शेजारची लिगाया, वय सात, एकदा कुकीज द्यायला आली.
टेबलावरच्या किल्ल्या वाजवत म्हणाली,
"तुम्ही मागच्या सीटवर कधी बसलाच नाहीत?
तिथून घोडे दिसतात."
शहराबाहेर घोडे आहेत खरे, तारेपलीकडे.
ते काही बोलले नाहीत.
रात्री किल्ल्या ओरिशियाच्या बुटात सापडल्या.

तिने पाच वर्षं घातलेला गळ
पाण्यात तसाच राहिला.
पोरीला तर काही पकडायचंच नव्हतं.
की म्हणूनच?
मग हे शिकता कसं येईल? आणि शिकून घेतलं
तर ते तेच राहील का?

ती लिहिते: माझा प्रश्न,
आणि पुढे घोडे लिहिते.
खोडत नाही.
पान दीडाचं पावणेदोन होतं.

सकाळी वायर काढून गुंडाळताना बोटं बधिर.
बाबांना रक्तदाब दाखवायचा आहे.
लिगाया शाळेत, तरी ते मागेच बसतात,
काचेवरचं हिम नखाने खरवडत,
रुपयाएवढं भोक पाडून बाहेर बघत.

"पाठवलास अर्ज?"
"रात्री."
"काय लिहिलंस?"
"तुमच्याबद्दल."
बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.
मग मागून,
"इथून वळ."
दवाखाना सरळ आहे.
ती वळते.