ओलावा वजा

दारूखान्यात दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा.
खाली जुनी जहाजं कापतात,
गॅसकटरचा वास दुपारच्या डब्यात शिरतो.
वर मी डोंगर मोजते.

डोंगर म्हणजे पाच किलोची पिशवी,
तोंड साडीच्या काठाने आवळलेलं.
आत चिठ्ठी: नमुना ४१७, रेक दुसरा,
घेणार सोमजी कुमरे.
त्याचा 'क' नेहमी उजवीकडे कलतो.
नऊ वर्षांत एवढीच ओळख.

पत्र्यावर ढीग ओतायचा, चपटा करायचा, चार भाग पाडायचे.
समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे.
पुन्हा ढीग. पुन्हा चार.
असं करत करत चार हजार टन
चिमटीत येतात.

मग आम्लात विरघळवून थेंब थेंब सोडायचा
आणि एका थेंबात जांभळं झालं की हात आवरायचा.
बासष्ट पॉइंट चार.
एवढ्यासाठी बॅलार्ड पियरला भरुचासाहेब फोन धरून बसलेले,
बंदरात बोट, बोटीवर भाडं चढतंय.
अर्धा टक्का इकडेतिकडे झाला
तर सरकारच्या स्वामित्वधनात फरक पडतो,
त्यातून तिकडे शाळेला छप्पर होणार, म्हणे.
(म्हणे, हे चौथं वर्ष.)
खोटं कशाला बोलू,
माझा उलव्याच्या घराचा हप्ता
याच लाल मातीतून जातो.

पण या सगळ्याच्या आधी एक रकाना असतो.
नमुना भट्टीत ठेवायचा, एकशे पाच अंशांवर.
मग पुन्हा वजन. उडालं ते पाणी.
पाण्याचे पैसे कुणी देत नाही.
लिहायचं: ओलावा, अमुक टक्के, वजा.

दर खेपेला सहा, फार तर साडेसहा.
या खेपेला अकरा.
"मिस गावंड, एप्रिलमध्ये अकरा?
वजनासाठी पाणी मारतात काय साले ढिगावर?"

मी पिशवी पुन्हा उलटी केली.
चिठ्ठीच्या मागे, तोच कललेला 'क':
'कुणी पाणी मारलेलं नाही, मॅडम.
खाणीला खाली झरा लागला.
पंप रात्रंदिवस चालू आहे.
गावची विहीर आटली, तिकडचंच हे.'

अहवालात शेरा लिहायला दोन ओळी असतात.
त्यात मी लिहिलं: फेरतपासणी केली. अकरा. बरोबर.
साहेबांनी तेवढे टन कापून घेतले.

संध्याकाळी पुढच्या नमुन्यासाठी भट्टी उघडली,
वाकले,
चष्म्यावर वाफ धरली.
ओढणीने पुसला आणि
पुढची गाठ सोडायला घेतली.