लाल झाकणाची नळी

डॉक्टर मजमुदार चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले,
औषध कसलं, एक प्रकारचं मीठच समजा.
मी मिठाला जागायचं ठरवलं.
सकाळी एक, रात्री दोन,
दोन वर्षं आणि वर सव्वा महिना.

मीठच ते, मग तहान आलीच.
दांडिया बाजारातून करेलीबागेपर्यंत
स्कूटरच्या डिकीत रक्ताच्या डब्याशेजारी
माझ्या पाण्याच्या दोन बाटल्या,
आणि डोक्यात नकाशा:
कोणाचा संडास दारालगत आहे,
कोण विचारल्यावर आधी नवऱ्याकडे बघतं.

बडोद्यात वाण्याकडे मीठुं मागावं तर मीठ मिळतं,
आणि मीठुं म्हणजे गोडही.
माझ्या तोंडात दोन्ही नाही.
जुन्या चार आण्याची चव आहे,
पोळीला, आमटीला,
सुधन्वानं मुद्दाम आणलेल्या लीलो चिवड्यालाही.
मी म्हणते, मीठ कमी पडलंय.
तो म्हणतो, बरोबर आहे की.
नावडतीचं मीठ अळणी, लहानपणापासून ऐकत आले,
पण या घरात नावडती कोण,
आधीची मी की आत्ताची,
ते विचारायचं राहून गेलं.

हात पहिल्यांदा हलला तो कांताबेनच्या दंडाशी.
शीर स्वच्छ दिसत होती,
आंधळ्यालाही सापडली असती.
सुईचं टोक तिच्यावर उभं राहिलं
आणि उभं राहीना.
"बेन, चा नथी पीधी के?" कांताबेन म्हणाल्या.
नाही प्यायले, म्हटलं. खोटंच.
तिसऱ्या खेपेला रक्त आलं.
रात्री त्यांच्या सुनेचा फोन, हात काळानिळा झालाय.

मग मला काउंटरवर बसवलं, नावं लिहायला.
आठवड्यानं माझं अक्षर बघून
साहेबांनी काही न बोलता कॉम्प्युटर दिला.

आधी हा हात असा नव्हता.
याच हातानं पहाटे तीनला गच्ची रंगवली होती, निळी,
सगळी, पाण्याच्या टाकीसकट.
हप्त्यावर सात शिलाई मशिनं घेतली होती.
मला शिवता येत नाही.
नऊ रात्री झोप नव्हती, आणि त्या नऊ दिवसांत
एकही शीर चुकली नाही माझी, एकही.
हे सगळं डॉक्टरांना सांगितलं.
हे नाही सांगितलं, की अजून कधीकधी गच्चीवर जाते
आणि पोपडे सुटलेल्या त्या निळ्यावर
हात फिरवून येते.

दर तीन महिन्यांनी माझंच रक्त द्यायचं असतं.
रात्रीच्या गोळीनंतर बारा तास मोजून,
सकाळची न घेता.
एरवी नाव बदलून बाहेर कुठे जाऊन येते.
या वेळी पाऊणच तास सुट्टी मिळाली, त्यामुळे इथेच.
जिगीषा नवीन आहे, डभोईहून येते,
अजून ग्लोव्हज उलटे घालते.
तिनं हिरव्या झाकणाची नळी उचलली.

ती नको, म्हटलं मी.
तिच्यात आधीच तेच मीठ घातलेलं असतं,
आकडा खोटा येईल. लाल घे.

तिनं हिरवी ठेवली. लाल उचलली.
मग थांबून माझ्याकडे बघितलं.

लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

पट्टा बांधला तिनं. तिचा हात थरथरत होता;
ते नवखेपण, महिन्याभरात जाईल.
माझा टेबलावर उताणा, त्याच्या त्याच्या चालीनं.
"दीदी, हलू नका ना," म्हणाली,
आणि जीभ चावली.
हसले मीच आधी.
शीर सापडेना तिला. मी दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं,
इथे. दाबून बघ, उसळते.
बोट थरथरलं, पण जागा सोडली नाही त्यानं.

नळी भरली. आकडा उद्या.
कापूस दाबून धरा, म्हणाली ती,
जशी मी हजारोंना म्हणाले असेन.
आणि जाता जाता पाण्याची बाटली
माझ्या हाताला लागेल अशी सरकवून ठेवली,
झाकण सैल करून.