वय अधिक दहा, भागिले दोन

रावपुऱ्यातल्या लॅबमध्ये चौतीस वर्षं
मी लोकांचं रक्त उभ्या नळीत भरून ठेवलं
आणि तासभर त्याच्याकडे पाहिलं नाही.
तासाने पाहायचं, असा नियम.
तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या,
वर किती पिवळसर पाणी मोकळं झालं,
तेवढा आकडा लिहायचा. ईएसआर. खाली सही.
त्या तासात मी समोरच्या लारीवर सेव-उसळ खाल्ली,
मुलीचा शाळेचा स्वेटर उसवला, परत विणला,
एकदा तर रडून घेतलं, पूर्ण तास,
आणि परत येऊन कुणा डाह्याभाईंचा आकडा बरोबर लिहिला.

रक्त घाईने खाली बसलं
तर अंगात कुठेतरी जाळ आहे.
कुठे, ते नळी सांगत नाही.

आज नळीत माझं रक्त.
नवी मुलगी, हेतल, म्हणाली,
चारुबेन, मशीनला लावू? लगेच येईल.
नको म्हटलं.
मला माझा तास पाहिजे.

बायकांसाठी एक जुना हिशेब आहे:
वय अधिक दहा, भागिले दोन.
बासष्ट अधिक दहा, बहात्तर. छत्तीस.
छत्तीसपर्यंत चालतं.
म्हणजे वयाला तेवढी आग माफ.
किती जणींना सांगितलं मी हे,
"वयामानाने ठीक आहे हं, काकू,"
आणि त्या उठल्या, गुडघ्यावर हात रेटून,
पिशवी सावरत जिना उतरल्या.
माफ केली कोणी,
हे एकीनेही विचारलं नाही. मीही नाही.

जयसिंग रिफायनरीत होते, रात्रपाळीला जास्त.
गोरव्याच्या आमच्या गच्चीवरून ती ज्योत दिसते,
चिमणीच्या टोकाला, बारा महिने.
नवी नवरी होते तेव्हा विचारलं, विझवत का नाहीत?
म्हणाले, विझली तर आमची धावपळ.
जळतेय तोवर झोप तू.
सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.
ज्योत आहे.

अंगात मात्र उलटं असतं.
बोट कापलं की पेशी धावत येतात,
लाल होतं, सुजतं, ठणकतं,
काम झालं की त्यांनी परत जायचं.
पुढे पुढे काही जणी परतच जात नाहीत.
पाळी संपली तरी गेटवर उभ्या,
चोर नसला की घरच्यांनाच हटकतात.
हिरडीत दोघी, गुडघ्यात चौघी,
रक्तवाहिनीच्या अस्तराशी किती, देव जाणे.
आणि काही थकलेल्या पेशी, ना मरत ना कामाच्या,
बसल्या जागेवरून शेजारणींना चिथावत राहतात.
ताप येत नाही.
ताप आला असता तर
कुणी कपाळावर हात ठेवला असता.

धाकटी जाऊ म्हणते, मनात धरून ठेवतेस, त्यातून होतं.
मी लॅबवाली. मला एवढं सोपं चालत नाही.
हिरड्या, साखर, पोटाचा घेर,
चौतीस वर्षांची अर्धी-अर्धी झोप,
एवढ्यात माझा हिशेब जुळतो.
(तिच्याशी मी अकरा वर्षांत नीट बोललेले नाही.
ते यात धरलेलं नाही.)

तास झाला.
हेतलला म्हटलं, तू वाच, माझा चष्मा धुकट झालाय.
ती वाकली. अठ्ठावन्न, म्हणाली,
आणि लगेच, "पण चारुबेन, वयामानाने..."
इतकं माझ्यासारखं म्हणाली
की मला हसू आलं.

उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं आहे.
सकाळी सूरसागरला दोन फेऱ्या, जमल्या तर.
नळी मीच धुतली, सवयीने,
आणि उलटी धरून ठेवली
शेवटचा थेंब पडेपर्यंत.