अर्ध्याची रेघ

कुडतरीच्या तळ्याकाठी, सकाळी साडेसहाला,
मैदानाच्या मधल्या रेषेवर
मी अकरा करवंट्या मांडल्या,
अर्ध्या-अर्ध्या मीटरवर एक.
सरकारी ट्रे आले नव्हते.
मागणीपत्र मडगावात अडकलंय, असं पणजी म्हणते;
मडगाव काहीच म्हणत नाही.

प्रत्येकीखाली वाळूची चुंबळ,
आत फडक्याची घडी,
दाणा उसळून बाहेर पडू नये म्हणून.

तक्रार पट्ट्यांची होती.
गोलपासून गोलपर्यंत एक पट्टा काळाभोर हिरवा,
एक फिकट, आजारी,
जणू मैदानानेच कुठल्या तरी संघाची जर्सी घातलीय.
सेक्रेटरी लिगोर म्हणाला, खतवाल्याने फसवलं.
मग म्हणाला, यंत्रच मोडीत काढू.
रुझारने यंत्राच्या दांड्यावरचा हात काढला नाही.

बारा वर्षं तोच खत फेकतो.
तबकडीवर सहाच्या आकड्याशी लाल नेलपॉलिशचा ठिपका,
लेकीने लावलेला, स्विंडनला जाण्याआधी,
चष्मा नसला तरी दिसावा म्हणून.

"चाला," मी म्हटलं, आणि घड्याळाचं बटण दाबलं.
वीस मीटर. एकाच वाटेने चार वेळा.
पहिल्या खेपेला सतरा सेकंद.
मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तळ्याकडे.
"पळू नका. रोज चालता तसं चाला.
चाचणी रोजच्या चालीची असते."
"हांव विंगर आशिल्लों, बाय."
"ठाऊक आहे. करवंट्या रिकाम्या करून पुन्हा."

चोवीस सेकंद. चोवीस. पंचवीस. चोवीस.
उजवा पाय जमिनीवर टेकण्याआधी
किंचित विचार करत होता.

जोव्हिटा, मुलींच्या संघाची गोलकीपर,
उकिडवी बसून दाणे मोजत गेली:
दोन, पाच, नऊ, अठरा, तेहतीस,
एक्केचाळीस.
मग छत्तीस, तीस, एकोणीस, आठ, तीन.
आकडा चुकला की ती स्वतःलाच शिवी देई, हळू.

मधल्या करवंटीत एक्केचाळीस.
त्याच्या अर्ध्यावर दाणे जिथे येतात, तिथे रेघ.
डावीकडे एक मीटर, उजवीकडे दीड.
पुढची फेरी एवढ्याच अंतराने घ्यायची,
म्हणजे जाताना जे अर्धंच पडलं
त्याला परतताना उरलेलं अर्धं मिळतं.
बाकी सगळं गणित याच एका ओळीचं आहे.

दोऱ्या मात्र चार मीटरवर होत्या.
चाल मंदावली की चकती मंद फिरते,
दाणा लांब जात नाही, पायांपाशीच साचतो.
भोक तेवढंच उघडं राहतं.

हे मी लिगोरला सांगत होते, चकतीपर्यंतच.
चालीबद्दल रुझारच बोलला:
"यंत्र बारा वर्षांपूर्वीच्या माणसाला लावलेलं आहे.
तो माणूस आता येत नाही."
लिगोरने खिशातला फोन काढला,
कोणाचाच आला नव्हता, तरी कानाला लावला.

तबकडी चारवर आणली.
जोव्हिटाने दप्तरातल्या व्हाइटनरने तिथे पांढरा ठिपका दिला.
लाल खरवडायला मी नख लावलं तेव्हा रुझार म्हणाला,
"रांव दी."

मग दोऱ्या. अडीच मीटरवर एक,
पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत.
सोळा फेऱ्यांच्या सव्वीस झाल्या.
"म्हणजे हळू चालणाऱ्यानेच जास्त चालायचं?"
"हो."
"तुमच्या खात्याचा न्याय."
तो हसला, आणि पहिल्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

बगळे आले, खत आहे कळल्यावर निघून गेले.
मी करवंट्या एकीत एक घातल्या,
गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला.
दोष: नाही.
दुरुस्ती: नाही.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका पसरला,
मग लिहिलं, दोऱ्या सरकवल्या.

मागून चाकाची कुरकुर येत होती.
न बघता मी मनात मोजत होते.
तेवीस. चोवीस.